शमामा

(द्वितीय वर्ष, कला)

मराठीत ‘वास’ या शब्दाला दोन घरे आहेत. एक नाकाचे, दुसरे राहण्याचे. वनवासातला आणि सहवासातला वास वेगळा, मोगऱ्याचा वेगळा. उच्चार सारखा असला तरी दोहोंची गल्लत करू नये असे भाषेच्या तासाला सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण आमच्या घरी ही गल्लत टाळता येत नाही. मिरजेपासून एस.टी.ने पाऊण तासावरच्या गावात आमच्या दोन खोल्या आहेत, पुढे पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये चटणी कांडपाचे यंत्र आहे. तिथेच आमचा वास, आणि वासातच आम्ही.

आपल्या भाषेत वासासाठी किती शब्द आहेत, हे मोजायला मी एकदा वही घेऊन बसले होते. भाजलेल्या धन्यांचा खमंग, जुन्या खोबऱ्याचा खवट, उतू गेलेल्या दुधाचा करपट, पावसाळ्यातल्या कपड्यांचा कुबट, तेलकट भांड्याचा ओशट, शिळ्या ताकाचा आंबूस. शिवाय दर्प आहे, भपकारा आहे, दरवळ आहे, घमघमाट आहे आणि कवितेपुरता परिमळही आहे. इतकी श्रीमंती असून आपण एखाद्या माणसाबद्दल नुसते ‘त्याच्या अंगाला वास येतो’ एवढेच म्हणालो, की तो वास चांगला नाही हे सर्वांना कळते. विशेषण लावायची गरजच उरत नाही. माणसाच्या अंगाचा वास म्हणजे वाईटच, हे कुणी कधी ठरवले असेल?

आमच्या अंगाचा वास चटणीचा. मार्च ते मे हा आमचा हंगाम. वर्षाची चटणी करायला बाया पोती, डबे घेऊन येतात. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि लवंगी तिखटाला, असे प्रत्येकीचे प्रमाण ठरलेले. मसाला मात्र पुष्कळजणी कच्चाच आणतात आणि आईकडून भाजून घेतात. धने, तीळ, खसखस, खोबरे, लवंग, दालचिनी, वेलदोडे, जायपत्री, नागकेशर, चक्रीफूल, तमालपत्र, दगडफूल. प्रत्येकाची आच वेगळी आणि वेळ वेगळी. आईची भाजणी आसपासच्या चार गावांत नावाजलेली होती. ती चुलीकडे पाठ करून गिऱ्हाइकाशी बोलत असे आणि मधेच मान न वळवता म्हणे, “काढ, धनं झालं.” आणि धने झालेले असत. आई चौथी शिकली, वडील सातवी. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर असतात. महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली पहिली मीच. पण घरात खरे शिक्षण कुणाचे झाले होते म्हणाल, तर ते आईच्या नाकाचे.

२०२१ च्या मे महिन्यात करोनाची दुसरी लाट आमच्या गल्लीत आली. आईला चार दिवस ताप आला आणि गेला. दवाखान्यात भरती करावे लागले नाही, याचे सर्वांना केवढे समाधान! पंधरा दिवसांनी तिने घरापुरता मसाला भाजायला घेतला. धने करपून काळे पडले, शेडभर धूर झाला, मी आतून धावत आले. आणि आई शांतपणे उलथने फिरवत होती. तिला काहीच कळले नव्हते. त्या दिवशी आम्ही तिच्या नाकाशी एकामागून एक सगळे डबे धरले. हिंगाचा डबासुद्धा. तिने मान हलवली आणि एवढेच म्हणाली, “वारं हाय नुसतं.”

गंमत अशी की मिरचीचा ठसका तिला पूर्वीसारखाच लागे, शिंका येत, डोळ्यांतून पाणी येई. त्यामुळे गावातल्या कुणाचा विश्वास बसेना. पुढे नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले, की मिरचीची झोंब हा वास नव्हेच. ती चेहऱ्याच्या एका निराळ्या मज्जातंतूने कळते. वासाचा रस्ता वेगळा आहे आणि आईचा तो रस्ता बंद झाला आहे. त्यांनी औषध फारसे दिले नाही. चार वस्तू सांगितल्या: लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक वस्तू थोडा वेळ हुंगायची आणि हुंगताना ती आठवायची. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मांडली, म्हणजे करोनाच्या कितीतरी आधी. आमच्या घरी मात्र ती देवपूजेसारखी सुरू झाली. आई अंघोळ करून येते, देवाला हात जोडते आणि मग लवंगेची डबी उघडते.

त्या उन्हाळ्यापासून भाजणीवर मी उभी राहिले. नुकतीच नववीतून दहावीत गेले होते. शाळा मोबाईलवर आणि हात कढईत! आई रंगावरून सांगे, मी वासावरून सांगे. कच्च्या धन्यांना ओल्या गवतासारखा वास असतो, मग तो संत्र्याच्या सालीकडे झुकतो, मग खमंग होतो आणि त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात करपतो. तीळ आधी आवाज करतात, मग वास. दगडफुलाला कच्चे असताना काहीच वास नसतो, असे वाटते. तेलाच्या थेंबावर ते परतले की पावसात भिजलेल्या दगडासारखा, जुन्या लाकडासारखा वास सुटतो. हे सारे मी परीक्षेसाठी शिकले नाही, पण इतके पक्के दुसरे काही शिकले असेन असे वाटत नाही.

हा वास बसमध्ये माझ्याबरोबर चढतो आणि वर्गातही येऊन बसतो. पहिल्या वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले होते, “आज कुणाच्या डब्यात मटण आहे गं?” डब्यात मटण कुणाच्याच नव्हते. ते माझ्या ओढणीत होते, आणि तेही मटणावाचूनचे, नुसत्या मसाल्याचे. हसू सगळ्यांनाच आले, मलाही आले. पण घरी जाताना एक विचार मनात राहिला. मैत्रिणी फवाऱ्याच्या बाटलीतून काकडीचा, सफरचंदाचा, कुठल्या तरी समुद्राचा वास अंगावर घेतात. तो त्यांनी निवडलेला असतो. माझा वास मी निवडलेला नाही. एकदा तरी आपण वास निवडून पाहावा.

मिरजेला ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ इथे दरवर्षी गाण्याची सभा होते. उरसाच्या गर्दीत अत्तराच्या एका गाड्यापाशी मी थांबले. ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयात केलेल्या कामाचे पैसे पर्समध्ये होते. अत्तरवाले चाचा वयस्क होते. त्यांनी गुलाब दाखवला, मोगरा दाखवला, वाळा दाखवला. मग एका गडद तपकिरी बाटलीचे बूच काढून काचेची काडी माझ्या मनगटावर ओढली आणि म्हणाले, “हे थंडीचं. शमामा. आजकालच्या पोरी घेत न्हाईत.”

मी हात नाकाशी नेला आणि क्षणभर मला वाटले की आमच्या शेडचे दार कुणीतरी उघडले.

“चाचा, यात दगडफूल आहे.”

ते थांबले. “तुला कसं कळलं?”

“आमचं कांडप आहे.”

“मग अजून सांग.”

मी डोळे मिटले. लवंग होती. जायपत्री होती. वेलदोडा होता, पण बराच खाली. नागरमोथा होता, तो मसाल्यातला नव्हे, दिवाळीच्या उटण्यातला. आणखी एक ओलसर, मुळासारखा वास होता, तो मला ओळखता आला नाही. “जटामांसी,” चाचा म्हणाले आणि हसले. “त्ये तुझ्या चटणीत नसतंय.” मग त्यांनी खरे तेही सांगून टाकले, की हे चंदनाच्या तेलावरचे नव्हे, तसले तुला-मला परवडायचे नाही. पाव तोळ्याची कुपी त्यांनी दीडशेला दिली आणि कापसाचा एक फाया वरकड, कानात ठेवायला.

नंतर ग्रंथालयात बसून मी या शमामाची हकिगत वाचली. उत्तर प्रदेशातले कनौज हे त्याचे मुख्य गाव. सातव्या शतकात हर्षवर्धनाची राजधानी होती तेच. तिथे अजूनही तांब्याच्या मोठ्या हंड्यात, ज्याला देग म्हणतात, जिन्नस आणि पाणी घालतात. झाकण मातीने लिंपून बंद करतात. खाली लाकूड किंवा शेणी जाळतात. देगीतली वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यात उतरते. तो भपका पाण्याच्या हौदात ठेवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचे तेल असते. वाफ निवते, तेल सुगंध धरून ठेवते आणि पाणी खाली राहते. एका दिवसात हे भागत नाही. शमामासाठी मुळ्या, साली, मसाले असे अनेक जिन्नस पाळीपाळीने देगीत जातात आणि काम दिवसच्या दिवस चालते. आच किती ठेवायची हे कारागीर हाताने, कानाने आणि नाकाने ठरवतो. हे वाचून मला हसू आले. म्हणजे हीदेखील भाजणीच, फक्त पाण्यातली. चंदनाचे तेल महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी स्वस्त, बिनवासाचे तेल वापरतात. चाचा म्हणाले ते तेच.

सोमवारी मी तो लावून कॉलेजला आले. मनगटाला एक बोट, कानामागे एक बोट. सकाळच्या बसमध्ये तो औषधी वाटत होता, वैद्याच्या दुकानासारखा, जरा कडू. शेजारच्या आजींनी दोनदा वळून पाहिले आणि विचारले, “कुणाच्या लग्नाला निघालीस, बाळ?” पहिल्या तासाला लवंग आणि जायपत्री वर आली. मागच्या बाकावरून या वेळी मटणाचे नाव निघाले नाही. एक मैत्रीण म्हणाली, “अगरबत्ती कुणी लावली?” दुसरी म्हणाली, “नाही गं, आमच्या आजीच्या ट्रंकेचा वास आहे हा.” मसाला तोच होता. दगडफूल तेच, लवंग तीच. ओढणीत होती तोवर ती स्वयंपाकघर होती. कुपीतून आली तेव्हा तिला ट्रंक मिळाली, लग्न मिळाले, देव्हारा मिळाला.

दुपारनंतर मात्र तो बदलला, आणि हा बदल मला सर्वांत आवडला. मसाल्याची धार गेली आणि मागे उरले ते कोरडे, मऊ, पिठूळ काहीतरी. दिवाळीच्या पहाटे उटणे लावून झाल्यावर तळहाताला जे उरते ना, तसे. विलायती अत्तरांच्या वर्णनांत असल्या वासाला ‘पावडरी’ म्हणतात. तिकडे पूर्वी चेहऱ्याच्या पावडरीत आयरिस नावाच्या फुलझाडाच्या मुळांची भुकटी घालत, म्हणून तसल्या वासाला पावडरीचे नाव पडले. आपली पावडर म्हणजे उटणे: नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, चंदन. रात्री ओढणी घडी करताना तो वास अजून होता. दुसऱ्या दिवशीही होता.

वाचता वाचता एक नाव वारंवार भेटले. मसाला, राळ, व्हॅनिला आणि पिठूळपणा असलेल्या अत्तरांच्या कुळाला युरोपात ‘ओरिएंटल’ म्हणत आले, म्हणजे पूर्वेकडचे. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध अत्तर शालिमार, पॅरिसच्या गेर्लँ घराण्याने १९२५ सालच्या प्रदर्शनात मांडलेले. त्याच्या नावामागे शाहजहान आणि मुमताज यांच्या प्रेमाची गोष्ट सांगतात. आता इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी माझी बाजू घ्यावी! श्रीनगरची शालिमार बाग जहांगीरची. लाहोरची शाहजहानची खरी, पण तिचे काम सुरू झाले १६४१ साली आणि मुमताज गेली १६३१ साली. त्या अत्तरातली गोडी व्हॅनिलाची, आणि त्यातही प्रयोगशाळेत तयार केलेल्या इथिल व्हॅनिलिनची. असाच कृत्रिम व्हॅनिला, म्हणजे व्हॅनिलिन, एके काळी लवंगेच्या तेलापासून बनवत. लवंगेला तिकडे गेल्यावर मिठाईचा वास येऊ लागला, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे १९७७ साली याच कुळातल्या एका मसालेदार अत्तराचे नाव ‘ओपियम’, म्हणजे अफू, असे ठेवले गेले, तेव्हा अमेरिकेतल्या चिनी लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. त्यांच्या देशाला अफूने काय भोगायला लावले, ते त्यांना माहीत होते. अलीकडे हे कुळाचे नावच मागे पडत चालले आहे. सुगंधांचे वर्गीकरण करणारे मायकेल एडवर्ड्स यांनी २०२१ साली ‘ओरिएंटल’ काढून ‘अँबर’ हा शब्द घेतला. पूर्व ही पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. आमच्या शेडवरून पाहिले तर पूर्वेला पंढरपूरचा रस्ता लागतो.

पुण्याला मात्र हाच शब्द एका संस्थेच्या नावात मानाने बसला आहे: भांडारकर ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूट, म्हणजे प्राच्यविद्या संशोधन मंदिर, स्थापना १९१७. तिथले हस्तलिखितांचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी अत्तरे आणि सौंदर्यप्रसाधने यांच्या इतिहासावर अनेक लेख लिहिले. त्यांतल्या एकाचा विषय आहे ‘गंधवाद’ नावाचा संस्कृत ग्रंथ आणि त्यावरची जुनी मराठी टीका. जुनी मराठी टीका! म्हणजे कितीतरी शतकांपूर्वी कुणीतरी सुगंधाची कृती मराठीत समजावून सांगितली होती. तिच्या आधी, बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचवला, त्यातही राजाने भोगायच्या सुखांत गंधाचा वेगळा भाग आहे. ग्रंथांत राजाचे अत्तर मिळते. ज्या हातांनी ते जिन्नस निवडले, वाळवले, कुटले, त्या हातांच्या वासाबद्दल काही सापडते का, ते मी शोधते आहे. कुणा प्राध्यापकांना ठाऊक असेल तर जरूर सांगावे.

आता आईविषयी. मला वाटले होते की घरी कुणाला पत्ता लागणार नाही, कारण घरातले नाक मीच. पण वडील संध्याकाळी आले आणि उंबऱ्यातच म्हणाले, “ह्यो वास कसला?” त्यांच्या आवाजात जी एक धार होती ती वयात आलेल्या मुलींना समजते. वासाचे लावून मुलगी बाहेर जाते, याचे गावात अर्थ होतात. मी काही बोलण्याआधी आई शेडमधून आली. हात पदराला पुसत म्हणाली, “काय लावलंयस? बघू.” आणि माझे मनगट धरून नाकाला लावले. बराच वेळ धरले. वडीलही गप्प राहिले, कारण चार वर्षांत तिने कुठली वस्तू आपणहून हुंगली नव्हती. डॉक्टरांच्या चार वस्तू तेवढ्या नेमाने.

“काय काय हाय त्यात? सांग.”

मी सांगू लागले. “लवंग आहे. जायपत्री आहे. वेलदोडा आहे, पण थोडा, सणाच्या मसाल्यात घालतेस तेवढा.”

“दगडफूल?”

“आहे. परतलेलं. तेल सुटायच्या आधीचं.”

“बरं. आन्?”

“दिवाळीचं उटणं आहे. आजीच्या पेटीतलं लुगडं आहे. पाऊस पडून गेल्यावर बांधावरची माती असते ना, तसं काहीतरी मुळाचं आहे.”

आई डोळे मिटून ऐकत होती. माझ्या प्रत्येक शब्दाबरोबर ती एकेक डबा उघडत होती, हे मला दिसत होते. शेवटी म्हणाली, “म्हंजी आपलीच चटणी की गं. मिरची काढल्याली.” वडील हसले. त्या हसण्याने अत्तराचा प्रश्न आमच्या घरापुरता मिटला.

एक प्रश्न मात्र मिटलेला नाही आणि तो अत्तराचा नाही. अजून एक वर्षाने माझे बी.ए. होईल. एम.ए.साठी कोल्हापूरला विद्यापीठात जावे, असे प्राध्यापकही म्हणतात आणि मलाही वाटते. मग उन्हाळ्यात कढईपाशी कोण उभे राहणार? तयार चटणीची पाकिटे दुकानादुकानांत आली आहेत. त्यांच्यापुढे आमचे गिऱ्हाईक टिकले आहे ते भाजणीमुळे. मुलगी शिकली की घर पुढे जाते असे भाषणांत सांगतात. आमच्या घरात मुलगी पुढे गेली की एक नाक कमी होते. हा हिशोब कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून इथे लिहिला.

मी हा विषय काढला, तेव्हा आई धने परतत होती. या हंगामात ती पुन्हा स्वतः कढईपाशी बसू लागली आहे, मी जवळ असतानाही. म्हणाली, “आवाजावरनं कळतंय मला आता. धनं बोलायचं थांबलं की काढायचं. रंग हाय, आवाज हाय. तू अर्ज भर.” मग जरा थांबून म्हणाली, “जाताना ती बाटली तेवढी हितं ठेव. लवंगंसंगं हुंगत जाईन.”

कुपी मी आत्ताच देवळीत ठेवली आहे, तिच्या चार डब्यांच्या शेजारी. सकाळी निघताना मी एक बोट लावते आणि बूच उघडे ठेवून तिच्या हातात देते. गेल्या महिन्यापासून तिला त्यातली लवंग कळू लागली आहे. रोज नाही, पण कळते. दगडफूल अजून कळलेले नाही.